टाकणखार गप्प झाला की

१५ फेब्रुवारी १९५४, सोमवार. बदलापूर

डॉक्टर गुप्त्यांनी अट घातली आहे : कामाची रोज नोंद ठेवा. ठेवीन. त्यासाठी निळी वही घेतली. कुठला पाइप, किती फूट, कुठे वळवला, ते सगळं तीत. ही दुसरी वही माझी. निळीत मी भगवंतराव पिंपळे, मेकॅनिक. हिच्यात नुसता भगवंता, पुण्याच्या तांबट आळीतला, चौथीत शाळा सोडलेला.

काम असं आहे. अंबरनाथला डॉक्टर श्यामकांत गुप्त्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल. तिथे ऑपरेशनची नवी खोली बांधली आहे, ती उन्हाळ्यात गार ठेवायची. गेल्या मे महिन्यात एका बाईचं पोट उघडलेलं असताना डॉक्टरांना घेरी आली. नर्स वेणूबाईंनी त्यांना मागून धरलं म्हणून बाई वाचली. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला. यंत्र लढाईतलं आहे. कल्याण कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या बराकीत मी तेच यंत्र चालवत होतो, एका सार्जंटच्या हाताखाली शिकलो. साहेब गेले, त्या बराकींचं उल्हासनगर झालं आणि यंत्र कॅम्प तीनच्या टेकचंदने भंगारात उचललं. बायको विकून टाकलेलं घर परत दिसावं तसं मला ते यंत्र पाहून झालं. (वाक्य जमलं नाही. राहू दे.)

यंत्र मागच्या पडवीत राहणार. तिथून तांब्याचे पाइप भिंतीतून खोलीत, आणि परत. एकूण एकोणीस सांधे. प्रत्येक सांधा चांदीच्या झाळीने एकजीव करायचा. झाळणं माझं पिढीजात. घागरीचं बूड झाळणारे आम्ही, पाइप तो काय?

भीती सांध्याची नाही, आतल्या वायूची आहे. बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया दरोडेखोर. ओरडत येतो, डोळे झोंबतात, माणूस पळतो. हा मेथिल क्लोराइड भुरटा चोर. वास आहे, किंचित गोड, पण नाकाने लक्ष दिलं तरच. आधी डोकं जड, मग झोप. आणि ती झोप कुणाला, तर ज्याच्या हातात चाकू आहे त्याला.

उघडायचा मुहूर्त गुढीपाडवा, ४ एप्रिल.

१८ फेब्रुवारी

कॅम्प तीनला टेकचंदकडे गेलो. यंत्राचे पट्टे, झडपा पाहिल्या. टेकचंद प्रत्येक पुर्ज्याला हात लावून म्हणतो, "वडी साईं, एकदम फस्टक्लास! गोरे ने छोडा, भगवान ने दिया, भगवंत भाऊ चलायेगा." बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

चहा प्यायला हॉटेलात बसलो. चार टेबलं पलीकडे दोन व्यापारी बोलत होते, मध्ये रेडिओचा कल्ला. एक म्हणत होता, टेकचंदने ते यंत्र तांब्याच्या भावात घेतलं आणि आता त्याच्यावर डॉक्टर पकडला. मी टेकचंदला शब्दन् शब्द सांगितला. तो उडालाच. "एवढ्या आवाजात? तुमचे कान आहेत का टेलिफोन?" खरं तर दुसरा व्यापारी काय बोलला ते कळलं नाही. त्याला ओठ झाकणाऱ्या मिशा होत्या, तोंडातल्या तोंडात बोलत होता.

कान आमच्या आळीची देणगी. दिवसभर शंभर हातोड्या तांब्यावर पडतात तिथे लहानपण गेलं. त्या ठणठणाटात बायका समोरासमोरच्या ओट्यांवरून गप्पा मारतात, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. माझं आणि काशीचं लग्न ठरलं तेही असंच. ती ओट्यावर, मी भट्टीशी. तिने ओठ हलवले, "हो सांगा." बाहेरचा माणूस म्हणेल मुकी आहे. ज्याला आळीत ऐकू आलं त्याला जगात कुठेही ऐकू येतं.

२४ फेब्रुवारी

आज झाळायला सुरुवात. पहिले चार सांधे झाले. हाताखाली बुधाजी आहे, जवळच्या वाडीतला आगरी माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पूर्वी मिठागरावर होता. वायूची टाकी खांद्यावर अशी घेतो जसा आज्याने नातू घ्यावा.

झाळण्याआधी सांध्यावर टाकणखार लावतात. वडिलांचा नियम : टाकणखार तापला की तडतडतो, फुलतो, बडबड करतो. ती बडबड थांबून तो काचेसारखा पसरला की झाळ दे. आधी दिलीस तर झाळीच्या पोटात बुडबुडा राहील. वरून चकचकीत, आतून भोक. "टाकणखार गप्प झाला की झाळ" हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकलो.

आजकाल मात्र टाकणखार चांगला येतो. पूर्वीसारखी कटकट करत नाही. ठेवला की गप्प. तरी मी डोळ्याने काच झालेली पाहूनच झाळ देतो, सवय.

घरी आलो तर काशी एकदम मागे उभी. दचकलो. म्हटलं, "अगं मांजरासारखी काय येतेस? बांगड्या घालत जा." तिने हात पुढे केले. दोन्ही हातांत सहा-सहा. बायकांना कुठल्या गोष्टीचं वाईट वाटेल सांगता येत नाही. ती बराच वेळ चुलीकडे तोंड करून बसली.

४ मार्च

काल शिवरात्र. देवळाच्या जत्रेमुळे गवंडी आला नाही, म्हणून आजचं काम अडचणीत झालं. पंधरा सांधे पुरे. पैकी नऊ नंबरचा भारी त्रासदायक. पाइप जिथे भिंतीतून खोलीत शिरतो तिथेच कोपरा, खोबणीत हात जेमतेम जातो, डोळा जात नाही. आरसा धरला तर ज्योतीने काळा झाला. शेवटी वडिलांचं स्मरण केलं आणि कानावर काम केलं. ज्योत धरली, ऐकलं, टाकणखार गप्प होता, झाळ दिली. पाण्यासारखी ओढली गेली. बोटाने चाचपला, गुळगुळीत.

दुपारी डॉक्टर कुणाचे तरी टाके घालून तसेच बाहेर आले, तोंडावर ते पांढरं फडकं. कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "तो सांधा बुजवून टाका." फडक्यातून बोललेलं नीट पोचत नाही, पण कामाचं तेवढं कळलं. मी "हो हो" म्हटलं. मोठ्या माणसाला दोनदा विचारलं की आपण लहान होतो.

डॉक्टर गेल्यावर बुधाजी म्हणाला, "शेट, डाक्तर काय बोललं?"

"बुजवा म्हणाले. वरून फरश्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं आसंल."

९ मार्च

भिंतीला पांढऱ्या चकचकीत फरश्या लागल्या. एकोणीसही सांधे पुरे. हातपंपाने पाइपात हवा भरली आणि एकेका सांध्याला कान लावला. कुठेही सूं नाही. नऊ नंबर फरश्यांमागे, तिथे भिंतीला कान लावला. शांत.

डब्याच्या पिशवीत साबणाची वडी निघाली. काशीने ठेवली. परवाही ठेवली होती. म्हणते, "फेस लावून बघा ना, बुडबुडे येतात का ते. सगळे बघतात." म्हटलं, सगळ्यांना कान नाहीत म्हणून बघतात. वैद्याने नाडी सोडून पंचांग बघावं तसं ते. ती म्हणाली, "लावला तर काय झिजेल?" मी म्हटलं, "साबण झिजेल." बुधाजीने वडी मागितली, त्याच्या लेकीला हवी होती. काशीला सांगितलं तर हसली नाही.

१३ मार्च

वायू भरला. यंत्र चालू केलं. वीस मिनिटांत पाइपावर दव धरलं. वेणूबाईंनी दोन्ही हात लावून पाहिले आणि हात गालावर ठेवले. डॉक्टर त्या खोलीत खुर्ची टाकून नुसते बसले होते. मला म्हणाले, "भगवंतराव, महाबळेश्वर आणलंत." टेकचंद रडायचा बाकी.

बुधाजीने मला बाजूला घेतलं. त्याची लेक कमळा. दोन मुलं बाळंतपणात गेली, तिसरं आडवं आहे. आठ एप्रिलच्या सुमाराला डॉक्टर पोट उघडून काढणार. या खोलीतली पहिली बाई तीच. "शेट, खोली चांगली जाली ना?" मी म्हटलं, "तुझ्या हाताने टाक्या वाहिल्यास, विचारतोस काय?"

१७ मार्च

काटा उतरला आहे. वायूचा दाब दाखवणारा काटा. फार नाही, दोन घरं. ऊन-सावलीने होतं असं. निळ्या वहीत लिहिलं नाही.

१९ मार्च

आणखी दोन. ऊन-सावलीने होत नाही असं.

पुन्हा सांध्यासांध्याला कान लावला. यंत्र बंद करून, दार लावून, पंखा बंद करून. काही नाही. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

२१ मार्च, रविवार

सुट्टी असून कॅम्पात गेलो. टेकचंदला म्हटलं, तुझ्या झडपा खातात वायू. तो भडकला. "झडपा मी तुमच्यासमोर तेलात बुडवून दाखवल्या! एक बुडबुडा आला?" नव्हता आला, खरं आहे. तरी भांडलो. भांडताना त्याने पाठ फिरवली आणि पाठमोरा काहीतरी बोलला. हिंमत असेल तर तोंड दाखवून बोल म्हटलं. दुकानातली सगळी माणसं हसली. का हसली ते समजलं नाही.

परत येताना एक टांगा घंटी न वाजवता थेट अंगावर आला. सायकलसकट गटारात. टांगेवाला उलट मलाच म्हणतो, "किती वाजवायची?"

ढोपर फुटलं. काशीने हळद लावली. अंगणातल्या उंबराखाली बसलो होतो. दर वर्षी या दिवसांत आमच्या जातीचा पक्षी, तांबट, या झाडावर टुक् टुक् करतो, जणू आत कुणी घागर ठोकतं आहे. यंदा आलाच नाही. काशीला तसं म्हटलं. ती झाडाकडे बघत म्हणाली, "येईल."

२४ मार्च

आज एक वाईट गोष्ट केली.

काटा अर्ध्यावर आहे. सांधे गळत नाहीत, झडपा गळत नाहीत, मग वायू जातो कुठे? कुणीतरी सोडतं. यंत्राच्या पडवीची किल्ली दोघांकडे, मी आणि बुधाजी. त्याला विचारलं. सरळ नाही, वळसा घालून. "बुधाजी, वायूच्या चावीला चुकून हात लागला असेल, सांगून टाक. रागावणार नाही."

तो खाली बसला होता तो उभा राहिला. "शेट, माज्या लेकीला त्या खोलीत ठेवाचीय. मी सोरीन वायू?"

मी म्हटलं, माझा कान सांगतो सांधे ठीक आहेत. तो म्हणाला, "कान तुमचा. मी काय बोलू." टाकी उचलून जागेवर ठेवली, हात धुतले आणि गेला. दिवसभर जेवला नाही. मीही नाही.

२७ मार्च

डॉक्टरांनी कागद दिला. त्यांनी स्वतः लिहिला आहे. "वायूच्या पाइपाचे एकोणीस सांधे मी जातीने ऐकून तपासले असून कोठेही गळती नाही." खाली माझ्या सहीची जागा. पाडव्याला हा कागद चौकटीत लावायचा, यंत्राच्या शेजारी. लोकांची भीती जावी म्हणून. "तुमच्या कानाची कीर्ती कॅम्पापर्यंत आहे," म्हणाले.

सोमवारी सही करतो म्हटलं.

निघताना वेणूबाई पायरीवर बसलेल्या. कपाळ चेपत होत्या. नव्या खोलीत भिंतीतल्या फडताळात त्या हत्यारं मांडतात. दोन दिवस तिथून उठलं की डोकं धरतं म्हणाल्या. "आणि भगवंतराव, तिथे कसला गोड वास येतो हो? केवड्यासारखा?" मी म्हटलं, क्लोरोफॉर्मचा असेल. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं क्लोरोफॉर्म हुंगते आहे."

घरी आल्यावर आठवलं. फडताळ नऊ नंबरच्या कोपऱ्यातच आहे.

पण मी ऐकलं आहे. तीनदा ऐकलं आहे.

३० मार्च

सही केली नाही. डॉक्टरांना म्हटलं, मनाची खात्री करतो, पाडवा पुढे गेला तर जाऊ दे. त्यांनी नुसता चष्मा पुसला. डॉक्टर माणूस चष्मा पुसतो ते मला आवडत नाही.

वेणूबाईंना फडताळापाशी जाऊ नका म्हणून सांगितलं. उरलेला सगळा वायू उद्या मागच्या मोकळ्या मैदानात सोडून देणार, मग पाइपात कोरडी हवा भरायची, दुप्पट दाबाने. सूं तर सूं, किंचाळी ऐकू येईल.

काशीला सगळं सांगितलं. म्हणाली, "परवा मी येते. कमळाला बघायचं आहे, ती हॉस्पिटलातच ठेवली आहे ना?" ती हॉस्पिटलच्या वासाने कासावीस होते, कधी येत नाही. म्हटलं, ये.

१ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

हवा भरली. खोलीत डॉक्टर, वेणूबाई, टेकचंद (मीच बोलावलं होतं, माफी मागितली) आणि दारापाशी बुधाजी. यंत्र बंद, खिडक्या बंद. मी पहिल्या सांध्यापासून कान लावत निघालो. एक, दोन, तीन. सगळे श्वास धरून. आठपर्यंत आलो आणि सहज दाराकडे पाहिलं. काशी उभी होती, डब्याची पिशवी हातात. ती भिंतीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं आणि आळीतल्यासारखे ओठ हलवले. आवाज नाही. वीस वर्षांत ती माझ्याशी तशी बोलली नव्हती.

"फडताळाशी. खाली. सापासारखं."

मी भिंतीला कान लावला. काही नाही. दुसरा लावला. काही नाही. तिच्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती, हो, हो, तिथेच. तेवढ्यात माझं लक्ष वेणूबाईंकडे गेलं. त्याही त्याच जागेकडे बघत होत्या. टेकचंदही. बुधाजीही. सगळ्यांचे डोळे एका फरशीवर आणि त्या फरशीला कान लावून उभा मी एकटा, शांततेत.

मी म्हटलं, "इथे आहे."

टेकचंद ओरडला, "वडी साईं! दरवाज्यापर्यंत ऐकू येतंय! पण आधी भाऊनं पकडलं!"

डॉक्टर पुढे आले. आज फडकं नव्हतं. "पण तिथे सांधा कसा? तो बुजवू नका म्हणून मी तुम्हाला त्या दिवशीच सांगितलं होतं ना?"

बु-ज-वू न-का. मी ते ओठांवर स्पष्ट वाचलं. वाचलं. हा शब्द आत्ता लिहिताना पहिल्यांदा लिहितो आहे.

बुधाजीने फरशी फोडली. काशीच्या पिशवीत साबण होताच. मीच फेस केला, मीच लावला. नऊ नंबरच्या मागच्या अंगाला, जिथे माझा डोळा गेला नव्हता, एक बुडबुडा फुगला. फुटला. मग दुसरा. मग माळच. लहान मुलाच्या तोंडून लाळ यावी तशी.

सगळे मला शाबासकी देत होते. मी घेतली.

तीच तारीख, जेवणानंतर

काशीला विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं. कडी वाजवून वाजवून मी मागच्या दाराने यायला लागले तेव्हापासून."

"बोलली का नाहीस?"

"आईने बाबांना सांगितलं होतं." तिचे वडील आळीतले नामांकित कारागीर. "दुसऱ्या दिवशी त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग नऊ वर्षं ओट्यावर बसून होते. मी साबण देत होते. म्हटलं साबण लावतील, काम सुटणार नाही, कुणाला कळणारही नाही."

आळीतले सगळे म्हातारे असेच. मला वाटायचं ते गर्विष्ठ आहेत, हाक मारली तर बघत नाहीत.

मी म्हटलं, बांगड्या वाजव. तिने हात माझ्या कानाशी नेला. मनगट हललं. सहा काचा एकमेकींवर आपटताना दिसल्या. मी मान नकारार्थी हलवली. ती म्हणाली, "यंदाही तांबट रोज ओरडतो आहे. पहाटेपासून."

म्हणजे टाकणखार चांगला येत नव्हता. बडबडतच होता बिचारा. तो बोलत असताना मी झाळ दिली.

२ एप्रिल

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. तो कागद टेबलावर होता. "जातीने ऐकून" वर काट मारली. म्हटलं, डॉक्टर, मला ऐकू येत नाही. तुमच्या फडक्याआड तर एक अक्षर नाही. काल जे ऐकलं ते माझ्या बायकोने ऐकलं. त्या खोलीत तुम्ही दुसरा माणूस आणणार असाल तर माझी हरकत नाही. पण नऊ नंबर माझा आहे. तो मला नीट करू द्या.

ते बराच वेळ गप्प होते. गप्प होते हे नक्की, मी तोंडाकडे बघत होतो. मग कान तपासायचं ते कसलं नळकांडं काढून माझ्या कानात बघितलं. "आत काही अडकलेलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "आळी अडकली आहे." हसले. मग म्हणाले, "करा. पण सगळे सांधे उघडे, आणि साबण बुधाजी लावेल. तो 'ठीक' म्हणेल तेव्हा ठीक."

नऊ नंबरला डोळा तर आजही जात नव्हता. काशीला म्हटलं, बस इथे. आळीत बाई भट्टीशी बसत नाही, बसली तर झाळ फाटते म्हणतात. ती पदर खोचून माझ्या डाव्या बाजूला बसली, हात माझ्या पाठीवर. मी ज्योत खोबणीत घातली. पाठीवरचा हात स्थिर. मला वाटलं झालं असेल, आता द्यावी. हात स्थिर. घाम डोळ्यांत गेला. आता नक्की झालं असेल. हात नाही हलला. इतका वेळ लागतो? वडिलांच्या वेळीही इतकाच लागायचा, आठवलं मला. मग तिने पाठीवर थोपटलं. एकदा. झाळ दिली.

बुधाजीने एकोणीस सांध्यांना फेस लावला. लेकीला न्हाऊ घालावं तसं निगुतीने. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी बोललो ते..." तो म्हणाला, "शेट, डाक्तर 'बुजवू नका' बोललेला. मी आयकलेला. पन तुमचा कान मोठा म्हनून मी गप बसलो. तं माजी पन चूक हाय." मग वर बघून, "आता गप नाय बसनार. बोंबलीन."

४ एप्रिल, पाडवा

गुढी घरी उभारली. हॉस्पिटलात काही नाही. हवेचा काटा दोन दिवस जागेवर. उद्या वायू भरणार. टेकचंदने पेढे पाठवले आणि निरोप : सुरुवातीलाच बोलला असतात तर मी दुकानात पाठ फिरवली नसती.

सकाळी उंबराखाली उभा राहिलो. पक्षी दिसला, शेंड्याला. गळा फुगतो, मिटतो, फुगतो. मोजले. सव्वीस.

८ एप्रिल

दहा वाजता कमळाला आत नेलं. मी यंत्रापाशी पडवीत. दर पाच मिनिटांनी काटा. दर पाच मिनिटांनी साबण, पडवीतल्या सगळ्या सांध्यांना, बुधाजीला हात लावू दिला नाही, आज तो नुसता बाप होता. दाराच्या काचेतून डॉक्टरांची पाठ दिसत होती. ताठ होती. वेणूबाईंनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि फडकं खाली ओढून ओठ हलवले : "वास नाही." त्यांना कुणी शिकवलं? काशीने, दुसरं कोण.

अकराच्या सुमाराला काटा बघत होतो. बुधाजीने माझा दंड धरला, इतका घट्ट की अजून दुखतो. रडत होता. "शेट! आयकलं?"

दोन वर्षं मी प्रत्येकाला "हो" म्हणत आलो.

"नाही बुधाजी. नाही ऐकलं. कसं रडलं?"

मग साठ वर्षांच्या त्या माणसाने पडवीत उभं राहून डोळे मिटले, मुठी वळल्या, तोंड घशापर्यंत उघडलं आणि नवजात पोरासारखं रडून दाखवलं. दोन्ही वॉर्डांतल्या बाया दारात धावल्या. आतून वेणूबाई हात हलवून गप्प बसा सांगत होत्या. तो थांबेना.

तेवढा मात्र मला ऐकू आला.

काटा जागेवर.